चिठ्ठीतली बाई

इंगोले सर बिस्किटाचा डबा हलवतात, एकेकानं चिठ्ठी उचलायची.
माझ्या चिठ्ठीत त्यांचं तिरकं अक्षर:
चेटकीण. फक्त बारक्या बारक्या जादू येतात.
पुढून, बाजूनं, पाठीमागून. रविवारपर्यंत.

शेजारच्या मुजाहिदला आला उंदरांचा तहसीलदार.
त्याचं बरंय,
तहसील त्याच्या घरासमोरच आहे.

मी आधी काढली ती सगळ्यांनी पाहिलेली:
टोकदार टोपी, नाकावर चामखीळ, झाडू.
सर चष्म्यावरून म्हणाले, ही कुठली गं?
ही टोपी जिंतूर रोडच्या वाऱ्यात टिकंल का?

मग खोडरबर. काळ्या वळ्या टेबलभर.

बारकी जादू म्हणजे किती बारकी?
समासात लिहून काढलं:
उतू जाणारं दूध कडेशी थांबवणं.
गेलेली लाईट आणणं नाही, ते मोठ्यांचं काम;
काडेपेटी कुठं ठेवलीय ते अंधारात आठवून देणं.
अडकलेली चेन सरकवणं.

चेन लिहिलं आणि केवळाबाई आठवली.
बसस्टँडच्या भिंतीला टेकून,
शहाळेवाल्याच्या छत्रीची उरलेली सावली घेऊन बसते.
दप्तरं, जर्किनं, पर्सा,
एकदा एका नवरदेवाची शेरवानी, वरात थांबवून.
मेणबत्तीचा तुकडा चेनीच्या दातांवरून फिरवते, काहीतरी पुटपुटते
(मी दात मोजते, म्हणते)
आणि सर्रकन.

तीन दुपारी तिच्यासमोर उकिडवी बसून वही भरली.
काय करायलीस?
तुम्हाला काढायले.
कामून? मी काय फरार हाय का?

सर म्हणतात, आधी नुसती काळी सावली काढा,
सावलीवरून माणूस ओळखू आलं पाहिजे.
तर अंग म्हणजे पोतं, बुडाशी पसरलेलं.
डोकं लहान. पदर एका कानामागं खोचलेला,
म्हणून एकच कान दिसतो, तो मोठा केला.
हात अंगापेक्षा मोठे, अंगठ्यावर मेणाची साय.
अंबाड्यात पक्कड.
गळ्यात जोडी न जमलेल्या रनरांची माळ,
पितळी, काळे,
एक गुलाबी, कुण्या पोरीच्या दप्तराचा.
रंग तीनच: वांगी, हळद, डांबर.

घरी आई पिको मशीनवर होती.
चित्र पाहून तिचा पाय थांबला.
छान जमलंय. कोण आहे?
चेटकीण, मी म्हणाले.
तो शब्द खाली लिहू नकोस.

मग दोरा ओवत, सुईकडंच बघत, तिची आत्या. चांगुणा.
एका आठवड्यात गावात दोन वासरं मेली.
एवढंच. दोन वासरं.
रात्रीतून निघाली, चुलीवर भात तसाच.

तिला काय येत होतं गं? मी विचारलं.
आईला पटकन सांगता येईना.
कुणाचंही रडतं पोर तिच्या मांडीवर झोपायचं.
आणि दही,
तिचं दही कधी आंबलं नाही.

पाठमोरी बाजू तेवढी राहिली होती.
पुढून केवळाबाई येत होती, बाजूनंही.
पण तिची पाठ मी पाहिलेलीच नाही,
तिच्यामागं कायम भिंत.
पेन्सिल टेकवली तर पोतं उभं राहिलं, चालायला लागलं.
पाय लहान पडले, लांब केले.
एक हात मोकळा होता, त्यात भांडं दिलं.
थोड्या वेळानं त्यावर झाकण काढलं.

रविवारी सरांनी चिठ्ठी चित्राशेजारी ठेवली.
नाव?
अजून नाही.
दहापैकी सात. अंगठा उलट्या हाताचा होता,
ते खरंच होतं.
मुजाहिदच्या उंदराला नऊ, शिक्का त्याच्याहून मोठा.

सोमवारी केवळाबाईला दाखवलं.
कान लई मोठा केलास, म्हणाली.
बाजूचं चित्र लांब धरून पाहिलं, मान डोलावली.
शेवटच्या चित्रावर मेणाचं बोट ठेवून
बराच वेळ बसली. एक गिऱ्हाईक उभं राहून निघून गेलं.
ही मी न्हाई, म्हणाली. ही दुसरी कोणतरी हाय.

मग बोट उचलून, डाग पदरानं पुसत:
झाकण नीट बसलंय का बघ. वाट लांबची दिसायली.